अरबी बातम्या : डिशपासून टिंबांपर्यंत

करकचहा (धागालेखक)

मंडळी, परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आखाती मीडिया म्हणजे शेखांचे फोटो आणि उंटांच्या शर्यती." वाचून हात शिवशिवले. बारा वर्षं कतारच्या राजधानीत, दोहात काढली आहेत. मी पत्रकार नाही. एका बांधकाम कंपनीत सर्व्हर आणि प्रिंटर सांभाळायचो. पण हापिसात इजिप्त, सीरिया, जॉर्डन, सुदान इथली माणसं भरलेली, त्यामुळे बातमी कशी येते आणि कशी अडते हे पँट्रीत चहा पिता पिता बघायला मिळालं.

२०११ च्या जानेवारीचा शेवट. आमच्याकडे मन्सूराचा एक इजिप्शियन अकाउंटंट होता. सगळे त्याला मुहासिब म्हणायचे, म्हणजे हिशेबनीसच. २८ तारखेच्या पहाटे इजिप्त सरकारनं देशाचं इंटरनेट बंद केलं, त्या दिवशी मोबाइलही मुके केले. लँडलाइन तेवढी जिवंत. हा गडी दर दोन तासांनी नवं कॉलिंग कार्ड नखानं खरवडायचा आणि आईला फोन लावायचा. आई तिकडे सरकारी टीव्हीसमोर. त्यावर नाइल नदी, पूल, निवांत रहदारी. इकडे आमच्या पँट्रीत कतारची वृत्तवाहिनी अल जझीरा आणि त्यावर कैरोच्या तहरीर चौकात राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध उसळलेली गर्दी. ३० तारखेला जझीराचं कैरोतलं ऑफिस बंद झालं, नाइलसॅट उपग्रहावरून चॅनेलही उडालं. म्हणजे इजिप्तमध्ये बसलेल्या बाईला तिच्याच देशात काय चाललंय ते दोहातला मुलगा सांगतोय! बाई काही केल्या विश्वास ठेवेना. "टीव्हीवर तर सगळं शांत आहे," हेच पालुपद. शेवटी त्यानं रिसीव्हर आमच्या टीव्हीच्या स्पीकरला लावला आणि तसाच पाचेक मिनिटं उभा राहिला.

तेव्हापासून मला अरबी माध्यमांबद्दल एकच प्रश्न पडतो: बटण कुणाच्या हातात आहे? तंत्र बदलतं तसं बटण एका हातातून दुसऱ्या हातात जातं. नाहीसं कधी होत नाही.

थोडं मागं जाऊ. १९५३ साली कैरोहून 'सौत अल-अरब', म्हणजे अरबांचा आवाज, हे रेडिओ केंद्र सुरू झालं. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसापर्यंतही इजिप्तचे नेते नासर यांचं भाषण पोचायला लागलं. सीमेवर वर्तमानपत्राचा गठ्ठा जप्त करता येतो, लहरी कशा जप्त करणार? पण बटण एकट्या कैरोकडे होतं. १९६७ च्या जूनमध्ये या केंद्रानं इस्रायलची विमानं धडाधड पाडल्याच्या बातम्या दिल्या. प्रत्यक्षात पहिल्याच सकाळी इजिप्तचं हवाई दल जमिनीवरच संपलेलं होतं. लोकांना खरं कळलं आणि त्या आवाजाची पत गेली ती गेलीच.

मग उपग्रह. अरब लीगनं १९७६ मध्ये अरबसॅट ही संस्था काढली, पहिला उपग्रह १९८५ मध्ये वर गेला. सरकारांची कल्पना अशी, की आपल्या सरकारी वाहिन्या एकमेकांना दाखवू. झालं भलतंच. १९९४ मध्ये बीबीसीनं सौदी मालकीच्या ऑर्बिट कंपनीबरोबर अरबी टीव्ही सुरू केला होता. सौदीबद्दलचा एक कार्यक्रम झोंबला आणि १९९६ च्या एप्रिलमध्ये ते चॅनेल बंद पडलं. बीबीसीच्या तालमीत तयार झालेली शंभराच्या वर माणसं रस्त्यावर. कतारच्या अमीरांनी सुमारे ५० कोटी रियाल मोजले, त्यातल्या बऱ्याच जणांना दोहात आणलं आणि १ नोव्हेंबर १९९६ ला अल जझीरा सुरू झालं, सुरुवातीला दिवसातून सहाच तास.

यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जझीराला अरबसॅटवर मिळालेला ट्रान्स्पॉन्डर (म्हणजे उपग्रहावरचा प्रक्षेपक) दुबळा होता, कित्येक घरांत चॅनेल दिसायचंच नाही. चांगला ट्रान्स्पॉन्डर एका फ्रेंच वाहिनीकडे होता. १९९७ च्या जुलैत तिकडे कुणाची तरी वायर चुकली आणि मुलांच्या कार्यक्रमाच्या वेळेला सौदीसकट सगळ्या अरब घरांत अर्धा तास निळा सिनेमा चालला! फ्रेंच वाहिनीची हकालपट्टी झाली आणि ती जागा जझीराला मिळाली. इतिहासाच्या पुस्तकांत 'अरब जनमताचा उदय' वगैरे मोठमोठे शब्द असतात, त्यात ही वायर कुठे नसते.

होस्नी मुबारक एकदा जझीराचं ऑफिस बघायला गेले आणि म्हणाले, एवढा सगळा गोंधळ या काडेपेटीतून होतो? असं सांगतात.

इंटरनेट आलं तेव्हा अरबी लोकांपुढे पहिला प्रश्न सेन्सॉरचा नव्हताच, टंकायचं कसं हा होता. मुहासिबचे मेसेज मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं कीबोर्ड बिघडलाय. रोमन अक्षरांत मधेच ३, मधेच ७. नंतर कळलं, घशातून काढायचा जो 'ह' आहे त्याला ७, आणि 'ऐन' या अक्षराला ३, कारण आकडे त्या अक्षरांसारखे दिसतात. जॉर्डनमध्ये २००७ मध्ये 'हिबर' नावाचं संकेतस्थळ निघालं. हिबर म्हणजे शाई. रोमनमध्ये त्याचं नाव सातच्या आकड्यानं सुरू होतं! फेसबुक अरबीत २००९ मध्ये आलं. ट्विटरला उजवीकडून डावीकडे नीट लिहायची सोय २०१२ च्या मार्चमध्ये झाली, म्हणजे ज्याला जग 'ट्विटर क्रांती' म्हणत होतं ती होऊन वर्ष उलटल्यावर.

टंकून बोटं दुखली. टिंबांची गोष्ट प्रतिसादांत सांगेन. बाकी तुम्ही बोला.

हळदीकुंकू

वाखुसा (वाचनखूण साठवली). वायरचा किस्सा जबरी.

आडकित्ता

लेख झकास, पण जझीराला फार चढवलंय. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा नियम दोहाला लागू नाही का? 'एक मत आणि दुसरं मत' हे जझीराचं ब्रीदवाक्य. कतारच्या अमीरांबद्दलचं दुसरं मत त्या पडद्यावर कितीदा पाहिलंत? आणि उत्तर म्हणून सौदीकडच्या पैशातून २००३ मध्ये अल अरबिया निघालं. ही पत्रकारिता नव्हे, दोन सावकारांचं भांडण झालं.

करकचहा

@आडकित्ता, बव्हंशी सहमत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी जझीराची धाव कतारच्या किनाऱ्यापर्यंत. पण दोन सावकार भांडतात तेव्हा दोघांच्याही वह्या चव्हाट्यावर येतात हे विसरू नका. आधी एकच सावकार होता.

आणि भांडणात तंत्र कसं येतं ते मी सुपरमार्केटात उभं राहून पाहिलंय. २०१७ च्या मे महिन्यात कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेचं संकेतस्थळ हॅक झालं आणि त्यावर अमीरांच्या तोंडी भलतीच विधानं चढवली गेली. कतारनं तासाभरात ओरडून सांगितलं की हे खोटं आहे. पण शेजारच्या वाहिन्यांनी रात्रभर तेच वाजवलं. ५ जूनला सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्त यांनी नाकेबंदी केली. त्या संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तर सौदी दुधाचं कपाट धुतल्यासारखं मोकळं, नुसता फ्रीजचा दिवा जळतोय. आठवड्याभरात तिथे तुर्की दूध आलं. पिशवीवरचं काही वाचता येईना म्हणून बायकोनं पहिल्या दिवशी ताकाचा चहा केला.

नाकेबंदी उठवायला ज्या १३ मागण्या होत्या त्यांत एक होती, अल जझीरा बंद करा. ते बंद झालं नाही. २०२१ च्या जानेवारीत समझोता झाला. खोट्या बातमीनं काय होतं यावर परिसंवाद भरतात, मी तिचा परिणाम चहात गाळून प्यायलोय.

जुना_जुळारी

धागालेखकांनी टंकायचा प्रश्न काढला म्हणून लिहितो. माझी चाळीस वर्षं छापखान्यात गेली. खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात, निवृत्ती संगणकावरच्या पेजमेकरवर.

अरबीचा त्रास आपल्यासारखाच, किंबहुना जास्त. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मधे वेगळं, शेवटी वेगळं, एकटं असेल तर आणखी वेगळं. शिवाय जोडाक्षरं. खिळ्यांच्या पेटीत शेकडो खण. हातानं जुळवताना हे चालतं, पण अख्खी ओळ एकदम ओतणारं लाइनोटाइप यंत्र आलं तेव्हा एवढी अक्षरं त्यात मावेनात. बैरूतच्या 'अल-हयात' दैनिकाचे संस्थापक कामिल म्रुवा यांनी पन्नासच्या दशकात लाइनोटाइप कंपनीबरोबर बसून अक्षरांची रूपं कमी केली. सुरुवातीचं आणि मधलं रूप एक, शेवटचं आणि एकटं एक, असा साधारण हिशेब. त्याला 'सोपी अरबी' म्हणायचे. सुलेखनवाले हळहळले असणार, पण दैनिकं झपाट्यानं निघायला लागली. पुढे १९६६ मध्ये म्रुवांचा त्यांच्या कचेरीतच खून झाला.

आपल्याकडे टिळकांनी केसरीसाठी खिळे कमी करायचा खटाटोप केला, सावरकरांनी अ ची बाराखडी आणली, तेच हे दुखणं. यंत्र लिपीला म्हणतं, जरा अंग चोरून बस. अरबी बसली. आपण शाळेत अि अी शिकलो आणि मोठेपणी सोडून दिलं.

'अश-शर्क अल-औसत' हे हिरवट कागदाचं दैनिक १९७८ पासून लंडनहून निघतं. पानं तिथे लावायची, उपग्रहावरून पाठवायची आणि वेगवेगळ्या शहरांत छापायची. आम्ही तेव्हा पुण्याहून फर्मे (जुळवलेली पानं) एसटीनं पाठवत होतो.

मस्कतकर

जुळारीकाका, दंडवत.

रेडिओबद्दल भर घालतो. बीबीसीची पहिली परदेशी भाषा कुठली, ठाऊक आहे? अरबी. ३ जानेवारी १९३८. त्याआधी इटलीच्या मुसोलिनीचं रेडिओ बारी अरबीत प्रचार करत होतं, त्याला उत्तर म्हणून. 'हुना लंडन', म्हणजे इथे लंडन, हे दोन शब्द आमच्या ओमानी शेजाऱ्याच्या वडिलांना अजून त्याच ठसक्यात म्हणता येतात. २७ जानेवारी २०२३ ला तो रेडिओ बंद झाला. पैसे नाहीत, आता सगळे डिजिटलवर. बीबीसी हिंदीचं लघुलहरी प्रसारण २०२० मध्ये गेलं तेव्हा आपल्याकडे जे उसासे ऐकले तेच इथे.

पुढचं ऐका. दहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच बीबीसीला गाझासाठी तातडीची रेडिओ सेवा काढावी लागली, मध्यमलहरींवर. कारण गाझात वीज नाही, टॉवर पडलेले, २७ ऑक्टोबरच्या रात्री तर फोन आणि नेट दोन्ही पूर्ण बंद. बॅटरीवरचा रेडिओ तेवढा चालतो. जुनं फेकून देताना माळा रिकामा करू नये, असं आमची आजी म्हणायची.

स्वाती_बरदुबई

बटणावरून आठवलं. आमच्याकडे यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. सासूबाईंना साताऱ्यात बोटिम हे कॉलचं ॲप शिकवताना माझा एक गणपती गेला. :) २०१८ पासून समाजमाध्यमांवर पैसे घेऊन जाहिरात करायची तर परवानाही लागतो. इथे मिसळीचे व्हिडिओ टाकणाऱ्या आमच्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा तिचा तर्रीचा रंगच उडाला.

पण मला वेगळं सांगायचंय. भाषेचं. टीव्हीवरची अरबी 'फुस्हा', म्हणजे शुद्ध, पुस्तकी. घरी ती कुणीच बोलत नाही. मोरोक्कोचा माणूस त्याच्या बोलीत बोलला तर माझ्या लेबनीज सहकारिणीला निम्मं कळत नाही. उपग्रह वाहिन्यांना सगळा अरब प्रदेश एक बाजार म्हणून हवा होता, म्हणून फुस्हा. पॉडकास्ट आणि यूट्यूबनं हे उलटं केलं. सौदीच्या 'समानिया' कंपनीचा 'फिंजान' पॉडकास्ट घ्या, माणसं तासन् तास घरच्या बोलीत गप्पा मारतात. फिंजान म्हणजे कॉफीचा तो बिनकानाचा छोटा कप. माझी सहकारीण म्हणते, बातमी पहिल्यांदाच इस्त्री न करता आलेली वाटते. आपल्याकडे आकाशवाणीची मराठी आणि मालवणी रील यांत जेवढं अंतर आहे, त्याच्या चौपट समजा.

आणि बटण? 'समानिया'त २०२१ मध्ये मोठा हिस्सा सौदी रिसर्च अँड मीडिया ग्रुपनं घेतला. तोच ग्रुप 'अश-शर्क अल-औसत'चा मालक. बोली नवी, मालक जुना.

बिनचेहऱ्याचा

सगळे सरकार आणि मालक यांवरच बोलताय. खिशातल्या फोनचं काय?

२०२० च्या डिसेंबरात टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटानं अहवाल दिला. जझीराचे पत्रकार, निर्माते, निवेदक आणि वरिष्ठ अशा ३६ जणांचे फोन पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालून फोडले होते. लिंकवर टिचकीही मारावी लागली नाही, आयफोनच्या आयमेसेजमधल्या भोकातून आपोआप आत. तामिर अल-मिस्हाल या पत्रकाराला संशय आला, त्यानं आपल्या फोनची वाहतूक लॅबला तपासू दिली, म्हणून हे उघड झालं. नाहीतर कुणाला कळणार होतं?

सौदी पत्रकार जमाल खशोगी यांचा खून २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत झाला. त्यांच्याशी सतत मेसेजवर बोलणारा कॅनडातला सौदी कार्यकर्ता ओमर अब्दुलअझीझ, त्याचा फोन आधीच फुटलेला होता. दोघं काय बोलत होते? सरकारी ट्रोलांना तोंड देणारी ट्विटर फौज उभारण्याबद्दल. या ट्रोलांना अरबीत 'इलेक्ट्रॉनिक माश्या' म्हणतात. शब्द नेमका आहे, हाकलल्या तरी परत येऊन बसतात.

पूर्वी पत्रकार सूत्राचं नाव पोटात ठेवायचा. आता पोटात ठेवून उपयोग नाही, ते खिशात असतं. २०२१ मध्ये आपल्याकडे हेच नाव गाजलं तेव्हा सगळे दचकले. अरब पत्रकारांना ते आधीपासून पाठ होतं.

तिरकस

एवढं गंभीर नको. माझी आवडती बातमी: एप्रिल २०२३ मध्ये 'कुवेत न्यूज'नं 'फिद्धा' नावाची एआय निवेदिका आणली. फिद्धा म्हणजे चांदी, जुन्या वळणाचं कुवेती नाव. आपल्याकडे रोबोटचं नाव चंद्रभागा ठेवावं तसं. केस सोनेरी, डोळे फिकट. कुवेतची मुलगी म्हणे! आपल्या ओडिशातली 'लिसा' निदान साडी तरी नेसली होती.

करकचहा

@तिरकस, हसू आलं खरं, पण त्या केसांत एक मुद्दा आहे. यंत्राला 'निवेदिका' म्हटलं की ते जे डोळ्यांपुढे आणतं, ते ज्यांचे फोटो जास्त त्यांच्याकडून आलेलं असतं. भाषेचंही तेच. नेटवर अरबी मजकूर बोलणाऱ्यांच्या मानानं फार तोकडा. म्हणून अबुधाबीत 'जैस' नावाचं अरबी भाषाप्रारूप (लँग्वेज मॉडेल) २०२३ मध्ये बनवलं, जेबेल जैस या यूएईतल्या सर्वांत उंच डोंगराचं नाव. अरबी कमी पडलं म्हणून प्रशिक्षणात इंग्रजी मिसळावी लागली. सौदीचं 'अल्लाम' आहे, कतारचं 'फनार', म्हणजे दीपस्तंभ. रच्याकने (बाय द वे), जैसवाल्या कंपनीनं पुढे हिंदीसाठी 'नंदा' काढलं, नंदादेवी शिखरावरून. मराठीवर अजून कुणाचा डोंगर नाही. कळसूबाई रिकामी आहे.

पण प्रारूप ज्या सरकारच्या पैशातून बनतं त्या सरकारबद्दल ते काय बोलणार? आडकित्त्यांचा पोळीचा नियम इथेही.

आडकित्ता

धन्यवाद, शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. :)

आता दुसरा अडकित्ता. हल्ली जो उठतो तो फोन घेऊन पत्रकार. पडताळणी कोण करणार? सीरियाच्या युद्धात जुने, दुसऱ्याच देशांतले व्हिडिओ ढिगानं फिरले. संपादक नावाची संस्था मेली ती मेलीच.

अक्कलकोटची_अपर्णा

@आडकित्ता, इथे असहमत. मी मुक्त स्रोतांवरून पडताळणीचं थोडं काम केलंय (अरब प्रदेशावर नाही, तंत्र तेच). संपादक मेला नाही, त्याची खुर्ची हलली. सावली कुठल्या बाजूला पडते, मागचा मिनार कुठला, दुकानाच्या पाटीवर फोन क्रमांकाचे किती अंक, यावरून व्हिडिओची जागा आणि वेळ काढता येते. शिरीन अबू अक्लेह ही जझीराची ज्येष्ठ वार्ताहर ११ मे २०२२ ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये गोळी लागून गेली. सुरुवातीला इस्रायलकडून पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. मग कितीतरी वृत्तसंस्थांनी आणि तपासगटांनी रस्त्यावरच्या लोकांचे व्हिडिओ एकमेकांना जुळवले. बंदुकीचा आवाज आणि गोळीनं हवेत केलेला कडाका यांतल्या सेकंदाच्या अंशावरून अंतर काढलं. ते इस्रायली सैनिकांच्या गाड्यांपाशी जात होतं. पुढे लष्करानंही मान्य केलं की गोळी आपल्याच सैनिकाची असण्याची शक्यता जास्त आहे. ते व्हिडिओ पत्रकारांनीच घेतले होते असं नाही, गल्लीतल्या पोरांचेही होते.

आता उलटी बाजू. सीरियन लोकांनी जीव धोक्यात घालून यूट्यूबवर टाकलेले हजारो व्हिडिओ २०१७ मध्ये यूट्यूबच्या नव्या यंत्रणेनं 'दहशतवादी मजकूर' म्हणून उडवले. त्यांत गुन्ह्यांचे पुरावे होते. 'सीरियन अर्काइव्ह' नावाच्या गटानं आधीपासून प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून काही वाचले. ज्यानं चित्रण केलं तो कित्येकदा जिवंत नाही, मूळ फाइल ढिगाऱ्याखाली, आणि राहिलेली प्रत कॅलिफोर्नियातल्या यंत्रानं पुसलेली.

गाझाबद्दल एवढंच. ऑक्टोबर २०२३ नंतर परदेशी पत्रकारांना इस्रायलनं स्वतंत्रपणे आत जाऊच दिलं नाही. जे जगानं पाहिलं ते तिथल्याच माणसांनी, गच्चीवर चढून, परदेशातून कुणीतरी पाठवलेल्या ई-सिमची (नेटवरून फोनमध्ये भरायच्या सिमची) रेंज शोधत पाठवलेलं. ते ई-सिम गोळा करायची मोहीम मिर्ना अल-हेलबावी या इजिप्शियन लेखिकेनं चालवली. गाझातल्या बिसान ओवदाला तिच्या फोनवरच्या चित्रणासाठी २०२४ मध्ये टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जगभर किमान १२४ पत्रकार मारले गेले, पत्रकार संरक्षण समितीच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यांतले बहुतेक पॅलेस्टिनी. त्यांना 'फोन घेऊन उठलेले' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आडकित्ता

@अपर्णा, शब्द मागे घेतो. संपादकाबद्दलचा नाही, फोनबद्दलचा.

मस्कतकर

अवांतर: इराकमध्ये बोर्डाच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सकाळी काही तास देशाचं इंटरनेट बंद ठेवतात. खरंच. त्या वेळात बातम्यांची संकेतस्थळंही गप्प. आपल्या कॉपीमुक्त अभियानवाल्यांच्या हे कानावर घालू नका.

हळदीकुंकू

टिंबं कुठायत टिंबं? धाग्याच्या नावात आहेत, धाग्यात नाहीत.

करकचहा

आलो, आलो.

२०२१ चा मे महिना. जेरुसलेममधल्या शेख जर्राह वस्तीतल्या बेदखलीवरून पेटलं होतं. इन्स्टाग्रामवर लोकांच्या पोस्ट गायब व्हायला लागल्या. अल-अक्सा मशिदीचा हॅशटॅगच काही काळ अडला, कारण तसलंच नाव असलेल्या संघटना बंदीच्या यादीत होत्या. मशीद आणि संघटना यांतला फरक यादीला कसा कळणार? इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटानंच नेमलेल्या सल्लागारांनी २०२२ मध्ये लिहून दिलं, की अरबी मजकुरावर गरजेपेक्षा जास्त कात्री चालली.

'शहीद' शब्दाचं तर विचारू नका. मेटाच्याच देखरेख मंडळाच्या २०२४ च्या निवाड्यात आहे, की या एका शब्दामुळे जेवढा मजकूर काढला जातो तेवढा दुसऱ्या कुठल्याच शब्दामुळे जात नाही. आता आपल्या कुठल्याही दैनिकात बघा, "जवान शहीद" हे शीर्षक महिन्यातून किती वेळा असतं! अरबीत तर अपघातात गेलेल्या माणसालाही प्रेमानं म्हणतात. धातू एकच, साक्ष देणं. शहीदही त्यातून, साक्षीदार या अर्थाचा शाहिदही त्यातून. एमबीसी या सौदी वाहिनीसमूहाच्या स्ट्रीमिंग ॲपचं नावही शाहिद. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्रामच्या भाषांतरयंत्रानं आणखी कमाल केली. कुणी परिचयात 'पॅलेस्टिनी' आणि 'अल्हम्दुलिल्लाह' (देवाची स्तुती असो) एवढंच लिहिलेलं, त्याचं इंग्रजीत 'पॅलेस्टिनी दहशतवादी' असं काहीतरी झालं. मेटानं माफी मागितली.

तर टिंबं. अरबीत ब, त, थ यांचा सांगाडा एकच, होडीसारखा. खाली एक टिंब की ब, वर दोन की त, वर तीन की थ. शब्दाच्या सुरुवातीला न आणि य सुद्धा याच रांगेत बसतात. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांत टिंबं बहुधा नसायचीच, वाचणारा संदर्भावरून ओळखायचा. २०२१ मध्ये कुणाला तरी सुचलं, यंत्राला चकवायचं तर टिंबं काढून लिहा. लोकांनी त्यासाठी छोटी साधनंही बनवली. मुहासिब तेव्हा दोहा सोडून घरी गेला होता. त्यानं मला असा एक परिच्छेद पाठवला. मला टिंबांसकटही धड वाचता येत नाही, मी सीरियन सहकाऱ्याला दाखवला. त्यानं दोन ठिकाणी अडखळत, पण सरळ वाचून काढला. त्याच वेळी मी तो भाषांतरयंत्राला घातला, तर त्यानं भाषा कुठली तेच ओळखलं नाही, फारसी की उर्दू असं काहीतरी ठोकून दिलं.

आता यंत्रं तेही शिकली असतील. नव्हे, शिकलीच असणार.

स्वाती_बरदुबई

हे मोडीसारखंच की! ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, तरी कारकून झरझर वाचायचे.

जुना_जुळारी

स्वातीताई, मोडीपर्यंत जायला नको, मी खिळ्यांतलंच सांगतो. रफार आणि मात्रा खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबायच्या. दोन-चार हजार प्रती निघाल्या की त्या तुटायच्या, अनुस्वार तर आधी जायचे. सकाळी यंत्रावरच्या पहिल्या प्रतीत 'मंत्री' असायचा, दुपारी शेवटच्या गठ्ठ्यात त्याचा 'मत्री' झालेला. चाळीस वर्षांत त्यावरून एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. मालक मात्र रोज तुटलेले खिळे मोजून घ्यायचे, आणि पगाराच्या दिवशी आम्हाला वाचून दाखवायचे.

करकचहा, तो बिनटिंबांचा परिच्छेद अजून जवळ असेल तर त्याचं चित्र इथे डकवा. अर्थ नाही लागला तरी चालेल, अक्षरं बघायची आहेत.